कुणी सांगितलतं पायताण सोडायला?

म्हाद्या, आधीच सांगून ठेवतो, मी तुझ्यावर लई चिडलोय. माणूस गेला की लोकं त्याच्याबद्दल गोड गोड बोलतात, 'दिलदार मित्र हरपला' म्हणून फ्लेक्स लावतात. तुझा बी लागलाय, हायवेच्या पुलाजवळ. त्यात तू टोपी घालून हसतोयस आन खाली शोकाकुल म्हणून माझं नाव टाकलंय. मला विचारलं असतं तर शोकाकुल खोडून दुसरंच काही तरी टाकाय लावलं असतं. डॉक्टर म्हणतात, हृदयाच्या ऑपरेशननंतर माणूस चिडचिड करतो, हळूहळू कमी होतं. होत असंल. पण ही चिडचिड ऑपरेशनची न्हाई, ही तुझी हाय.

ज्याची छाती मधोमध कापून तारेनं आवळली तो मी चालतोय, जेवतोय, शांताच्या भाजीला नावं ठेवतोय. आन ज्याच्या पायात काटा मोडला तो तू गेलास. दुकानात मी अजून नुसताच बसतो, मोटार उचलायची बंदी हाय, वायंडिंग भरायचं काम पुतण्या बघतो. विहिरीच्या मोटारी घेऊन येणारे विचारतात, "मिस्त्री, म्हादू कशानं गेला हो?" मी म्हणतो, पायानं. ते एकमेकांकडं बघतात. त्यांना वाटतं मिस्त्रीच्या छातीबरोबर डोक्याला बी हात लावला वाटतं डॉक्टरनं.

संभाजीनगरच्या दवाखान्यात मला आत नेलं तवा बाहेर तू आन शांता होतात. पुढचं मला शांतानं सांगितलं, तू तर सांगितलंच न्हाईस. तू चप्पल काढून बाकड्याखाली सारलीस, स्वामीची समाधी असलेलं कपिलधार तिकडं असंल असं धरून एका भिंतीकडं तोंड केलंस आन म्हणलास, "स्वामी, मिस्त्री बरा होऊन, गावातून चालत येऊन तुझ्या पायऱ्यावर नारळ फोडीपर्यंत मी पायात काही घालणार न्हाई." ती भिंत संडासाची होती म्हणे. शांता एवढी घाबरलेली होती की तिला हसू बी आलं न्हाई.

कुणी सांगितलतं बे तुला? नवसच करायचा होता तर गोड सोडायचंस. लोकं गोड सोडतात, पान सोडतात, सोमवार धरतात. तुला शुगर, ती बी जुनी, गोळ्या तू जत्रेला गेल्यासारखा कधी तरी घ्यायचास. गोड सोडलं असतंस तर स्वामी बी खूष, डॉक्टर बी खूष, आन तू आज इथं बसून माझ्याशी भांडत असतास. पण न्हाई. साहेबांना पायताण सोडायचं होतं.

घरी आणलं मला तवा मी माणूस न्हवतो, गाठोडं होतो. उताणं झोपायचं, कुशीवर वळायचं न्हाई. खोकला आला की उशी छातीला घट्ट धरायची, न्हाई तर वाटायचं हाडं उकलून आतलं सगळं अंगणात येतंय. हृदयाला जोडायला शीर काढलेल्या पायाला खाज, तोंडाला चव न्हाई. डॉक्टरनं श्वासाचं एक यंत्र दिलतं, तोंडानं हवा ओढून त्यातल्या तीन गोळ्या वर न्यायच्या. माझ्याकडून एक बी हलंना. तू माझ्या हातातून घेतलंस, एका दमात तिन्ही वर नेल्यास आन डोळे मोठे करून तशाच धरून बसलास. तुझ्या तोंडाकडं बघून मला हसू आलं आन हसल्यावर छातीत अशी कळ आली की मी तुला आईवरून शिवी दिली. तू म्हणलास, "शिवी नीट आली की. म्हंजी सुधारतोय."

ऑपरेशननंतर रडू लई यायचं. टीव्हीवरच्या सिरियलीत सून रडली की मी बी रडायचो. पोरासोरांसमोर लाज वाटायची. तू यायचास, टीव्ही बंद करायचास आन म्हणायचास, "तिची सासू मेलीय म्हणून रडतोयस का जिती हाय म्हणून?" हे दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर मी तांब्या फेकून मारला असता. तांब्या उचलायची बी बंदी होती, ते सोड.

आन बघायला येणारे. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं न्हाई तर जन्मभर बोल लागतो. बिस्किटाचा पुडा घेऊन येणार, उशाला बसणार आन सांगणार, "आमच्या साडूचं बी असंच केलतं. चांगला होता. मग एक दिवस जेवता जेवता गेला." तू ओट्यावर पाय पसरून बसायचास आन एकेकाला परत लावायचास. "झोपलाय तो. फाडलेलं बघायला आलाव का? बरं झाल्यावर या, शिवलेलं दाखवू." अर्ध्या गावाशी तू माझ्यापायी वाकडं घेतलंस. त्यासाठी तुझे उपकार हायेत, ते मी नाकबूल करत न्हाई. तू नसतास तर मी त्या साडूच्या गोष्टी ऐकूनच वर गेलो असतो.

पण तवाच तुझ्या पायाकडं माझं लक्ष गेलतं. ओट्यावर पसरलेले, मातीनं भरलेले, टाचा चिरलेल्या. मी म्हणलं, "चप्पल कुठं गेली?" तू म्हणलास, "तुटली." खोटारड्या. शांतानं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं.

मग आपलं चालणं सुरू झालं. डॉक्टरनं सांगितलतं, रोज जरा जरा वाढवा. आधी आपल्या दारापासून शेजारच्या फाटकापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग दुकानापर्यंत. दुकानाला हात लावून परत आलो त्या दिवशी तू हॉटेलवाल्याला सगळ्यांना चहा द्यायला लावलास, जसा काय मी निवडून आलोय. पुढं हायवेच्या कडेचा रस्ता धरला. तिथं सगळी बारीक खडी. मी बुटात, सांभाळत सांभाळत, आन तू शेजारून अनवाणी.

आपलं भांडण त्या खडीवर रोज व्हायचं. आजूबाजूला आवाज जायचा. मी म्हणायचो, "घाल बे पायात काही तरी." तू म्हणायचास, "तू चल आधी कपिलधारला." मी म्हणलं, "चल, आत्ता जीप बोलावतो, जाऊन नारळ फोडून येऊ." तू मान हलवलीस. "चालत म्हणलोय मी. बोलण्याच्या भरात तोंडातून 'चालत' निघून गेलं." आता मला सांग, कावून बे चालत? नुसतं 'येऊन' म्हणायचं ना. डोळ्यासमोर दवाखाना, आत माझी छाती उघडी, आन तुला स्वामीसमोर अटी वाढवायचं सुचत होतं.

मी डॉक्टरला बी विचारलं तपासणीला गेलो तवा. गावापासून कपिलधारपर्यंत चालत जाऊ का म्हणलं. ते माझ्याकडं असे बघत राहिले की शांतानंच माझा हात धरून मला बाहेर काढलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, इतक्यात नाव काढू नका, हाड नीट जुळू द्या. परत येताना गाडीत मी तुला म्हणलं, ऐक, लई दिवस लागणार हायेत. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणलास, "लागू दे की. मला कुठं लग्नाला जायचंय?"

मठातल्या महाराजांकडं मीच नेलं तुला. म्हणलं, देवाचा माणूस सांगंल तर ऐकशील. ते बिचारे म्हणाले, "म्हादू, चप्पल घाल, देव असा रुसत नसतो." बाहेर आल्यावर तू काय म्हणलास? "नवस त्यांनी केलाय का मी?" आन मी लईच मागं लागलो तवा तू शेवटचं बोललास. "मिस्त्री, हे तुझ्यासाठी धरलंय. मी मोडलं आन तुझ्या टाक्याला काही झालं, तर मी काय करू?" तू माझाच जीव माझ्यासमोर आडवा टाकलास. ह्याला मी आजपण लबाडी म्हणतो.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, सांगू का. पहिल्या पहिल्यांदा तू खडीवर पाय वाकडे टाकायचास, तोंड आवळायचास. मग एक दिवस तू खुशीत आलास. "मिस्त्री, बघ, एवढ्या खडीवरून चालतोय, काही लागत न्हाई. स्वामीनं पाय दगडाचे करून दिले." आन खडीवर मुद्दाम पाय आपटून दाखवलास. मी तुला सांगितलं न्हाई का? दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर शुगरवाला होता, त्याच्या पायाला निखारा लागला तरी कळलं न्हवतं. शुगरनं पायाची जाण जाते, हे मी तुला तिथंच, त्या खडीवर उभं राहून सांगितलं. तू हसलास. "तुला काय कळतंय देवाचं, तू मोटारीचा मिस्त्री." तुझे पाय मरत होते, म्हाद्या, आन तू त्याला कृपा म्हणत होतास.

नंतर नंतर तू मागं पडायला लागलास. मी पुढं, तू मागं. मला वाटलं मी सुधारलो. घरी येऊन शांताला छाती काढून सांगितलं, आज म्हाद्याला मागं टाकला. तू बी खुळ्यासारखा म्हणायचास, "नव्या इंजनाबरोबर कोण पळणार?" पँट खाली ओढून घ्यायचास. चिंधी दिसली तर म्हणायचास, शेतात जरा खरचटलं, हळद लावलीय. सीताफळाच्या बागेत बाभळीचा काटा पायात मोडला होता आन तुला त्याचा पत्ता न्हवता. सखूवैनीला चादरीवर डाग दिसले, वास आला, तिनं विचारलं तर तू तिलाच दटावलंस, मिस्त्रीला सांगशील तर बघ म्हणून. बायकोला दटावायला तुला जोर होता, दवाखान्यात जायला न्हवता.

तापानं फणफणलास तवा बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, पंजा काढावा लागंल, आजच्या आज. तू न्हाई म्हणलास. मी जीपमध्ये बसून आलो, छातीला उशी धरून, प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत. खाटेजवळ उभा राहून म्हणलं, "काढू दे पाय. एका पायानं माणूस जगतो." तू काय म्हणलास ते मी कुणालाच सांगितलं न्हाई, लोकं हसतील. तू म्हणलास, "पाय काढल्यावर नवसाचं कसं व्हायचं? अनवाणी ऱ्हायला पाय तर पायजे." डोळे लाल, ओठ सुकलेले, आन हे बोलणं.

मग तू विचारलंस, "चाललास का आज?"

मी म्हणलं, "न्हाई चाललो. तू पायाचा अंगठा लावून सही देशील तवा चालीन." रागात हाताचा का पायाचा, मला बी कळलं न्हाई. तू गालातल्या गालात हसलास आन म्हणलास, "मग बस इथंच, दोघं बी बसू." तेवढंच आपलं शेवटचं. दुसऱ्या दिवशी सही तू दिलीस म्हणे, सखूवैनीच्या रडण्यानं. पण तवर विष अंगात भिनलं होतं, डॉक्टरांच्या हातात काही राहिलं न्हवतं.

तुझ्या मातीला मी खांदा दिला न्हाई. सगळी पोरं, भावकी, अगदी ज्यांना तू ओट्यावरून हाकललं होतंस ते बिस्किटवाले बी खांद्याला लागले. मी बाजूला उभा, पुतण्या माझा दंड धरून. वजन उचलायचं न्हाई हे माझ्या डोक्यात तूच बसवलं होतंस, पाण्याची कळशी सरकवली तरी ओरडायचास. जन्मात पहिल्यांदा मी डॉक्टरचं ऐकलं आन त्याची मला लाज वाटली.

दहाव्याला प्रवचन ठेवलतं. त्या बुवांना कुणी तरी तुझी गोष्ट सांगितली असंल. त्यांनी अशी रंगवून सांगितली की बाया पदर लावून रडायला लागल्या. मित्रासाठी यानं पायताण सोडलं, स्वामीनं एका जिवाच्या बदल्यात एक जीव घेतला, असली मैत्री आता कुठं बघायला मिळते. सगळे वळून वळून माझ्याकडं बघत होते. मी उठलो. म्हणलं, "महाराज, त्याला शुगर होती." रडणाऱ्या बायांनी पदर खाली घेतले. मी परत म्हणलं, "शुगर होती, गोळ्या घेत न्हवता, पायाला जखम झाली, सडली. बदल्यात काही घेतलं न्हाई कुणी." शांतानं सदरा ओढून मला खाली बसवलं. बुवा म्हणाले, दुःखात माणूस असं बोलतो. मग पुढं बोलत राहिले.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी गप बसलो असतो. गावाला काय, गोष्ट पाहिजेच असते. पण तुझ्या दहाव्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी मी त्याच रस्त्यानं चाललोतो, एकटा, तर समोरून सखूवैनी आल्या. डोक्यावर चाऱ्याचा भारा, खडीवरून येत होत्या. अनवाणी.

मी म्हणलं, "वैनी, चप्पल?"

त्या खाली बघून म्हणाल्या, "त्यांचं ऱ्हायलंय ना भावजी. अर्ध्यात सोडलं तर तुमाला बाधंल. आता माझ्याकडं आलं ते."

म्हाद्या, तुला शिव्या देऊन देऊन माझ्याकडच्या शिव्या संपल्यात. तिला बी शुगर हाय हे तुला माहीत होतं, का ते बी विसरलास? तुझ्या गोळ्यांच्या डब्यातूनच ती गोळ्या घ्यायची. एका नवसानं तुझा पाय खाल्ला, आता तो तुझ्या बायकोच्या पायाला लागला होता, आन मी चालत कपिलधारला जायला अजून डॉक्टरची परवानगी न्हाई. तोवर काय बघत बसू? तिची चादर कोण बघणार?

मी तिथूनच माघारी वळलो. स्टँडजवळच्या दुकानातून बायकी चप्पल घेतली, माप अंदाजानं. ती हॉटेलपाशी भारा टेकवून बसली होती, तिथं जाऊन तिच्या पायाशी ठेवली. वाकलो तवा टाके ताणले, पण वाकलो. ती पाय आत ओढून घ्यायला लागली. "भावजी, नगा, तुमचं बरंवाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? शांताबाईला काय सांगू?"

हॉटेलात चहा पिणारे सगळे बघत होते. मला पाहिजेच होतं ते. मी मोठ्यानं म्हणलं, म्हणजे जमंल तेवढ्या मोठ्यानं, "नवस माझ्या जिवाचा होता, म्हणून तो मोडायचा हक्क बी माझा. आजपासून मोडला. म्हाद्यानं केलेला मी मोडला. स्वामीला काय करायचं ते माझं करू दे." एक म्हातारा हात जोडायला लागला. हॉटेलवाल्यानं मला धरायला गल्ल्यावरचा हात पुढं केला, जसा काय मी तिथंच पडणार हाय. सखूवैनी लई रडल्या. तू गेलास तवा बी एवढ्या रडल्या न्हवत्या. मग चप्पल घातली. एक बोट मोठी झाली.

आता रोज काय होतं ते ऐक. सकाळी शेतात जायच्या आधी सखूवैनी आमच्या दाराशी येऊन थांबतात. आत येत न्हाईत, चहा घेत न्हाईत. दारातूनच शांताला विचारतात, "भावजी उठले का?" पायात चप्पल असते, पण अंगठा असा आखडून धरलेला की मी न्हाई म्हणून कळलं तर तिथंच काढून टाकायची. हे शांतानं पाहिलंय. म्हणून मी आता मरू बी शकत न्हाई. गोळ्या वेळेवर घेतो, मीठ सोडलंय, जिना हळू चढतो, पुतण्यावर ओरडत न्हाई. मी चुकून गेलो तर ती दुसऱ्या दिवशी अनवाणी होईल आन सगळं गाव म्हणंल, मोडला ना नवस, बघा.

आतून मी ओरडतो, "उठलोय, वैनी." त्या जातात. त्यांना तेवढ्यानं बरं वाटतं. आन मी खाटेवर बसून राहतो, कारण नवस मोडून मी आज बी उठलोय, उद्या बी उठीन, डॉक्टर म्हणतात लई वर्षं उठीन. जेवढ्या सकाळी मी उठतोय तेवढ्या वेळा मला कळतंय की तुझ्या अनवाणी पायाचा आन माझ्या जगण्याचा काडीचा संबंध न्हवता. हे मी सखूवैनीला कधीच सांगणार न्हाई, तुलाच सांगतो. तू उगाच मेलास बे.